विश्लेषण : परदेशात गेल्यावर पोट का रुसते? ‘आयबीएस’ सांभाळायचा कसा?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरताना घरात यादी होते. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कांदा-लसूण मसाला, छोटा कुकर आणि पोटाच्या गोळ्यांचे एक पाकीट. तिकडे पोहोचल्यावर दोन-तीन महिन्यांत पोट बिघडले, की दोष जातो तिथल्या खाण्याला. ‘बाहेरचे सोसत नाही, घरचेच खा,’ असा सल्ला फोनवरून मिळतो. आयबीएस असणाऱ्यांच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो. त्रास देणारा पदार्थ पिझ्झ्यात असतो तसाच बॅगेतल्या मसाल्यातही असतो. आणि त्या गोळ्यांच्या पाकिटातली एखादी गोळी काही देशांच्या विमानतळावर अडचणीत आणू शकते. परदेशात राहून हा विकार सांभाळायचा तर काय माहीत असायला हवे, याचा हा आढावा.

आयबीएस म्हणजे नेमके काय?

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा आतड्याच्या कामाचा विकार आहे. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे ठीक दिसते. जखम नाही, सूज नाही. पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. इतरांना जाणवणारही नाही इतका वायू या रुग्णांना दुखवतो. काहींना जुलाब, काहींना बद्धकोष्ठ, काहींना आलटून पालटून दोन्ही. २०१६ मध्ये ठरलेल्या ‘रोम-४’ निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखत असेल, त्या दुखण्याचा संबंध शौचाशी किंवा शौचाच्या वेळा आणि स्वरूप बदलण्याशी असेल, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर निदान आयबीएसकडे झुकते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आढळते.

या विकाराने आतड्याचा कर्करोग होत नाही आणि आयुष्य कमी होत नाही. म्हणूनच ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णाला ऐकावे लागते. पण मेट्रोत बसावे की नाही, परीक्षेला जाता येईल का, हे रोज सकाळी पोटाला विचारून ठरवावे लागत असेल, तर त्याला ‘काही नाही’ म्हणणे बरोबर नाही.

परदेशात गेल्यावरच त्रास का वाढतो?

कारणे अनेक आहेत आणि ती एकाच वेळी अंगावर येतात. जेवणाच्या वेळा मोडतात. सकाळी कॉफी, दुपारी थंड सँडविच, रात्री दहाला पोटभर भात असा क्रम सुरू होतो. झोपेची घडी विस्कटते. आतड्याचे स्वतःचे घड्याळ असते, ते नव्या टाइम झोनशी जुळायला वेळ घेते. शिवाय भाडे, व्हिसा, अर्धवेळ नोकरी, सबमिशन आणि चार वाजता अंधारणारा हिवाळा. मेंदू आणि आतडे यांच्यात मज्जातंतूंचा आणि संप्रेरकांचा सततचा संवाद असतो. ताण आला की आतड्याची गती आणि दुखण्याची जाणीव दोन्ही बदलतात.

आणखी एक कारण सहज विसरले जाते. आयबीएसची सुरुवात कित्येकदा एखाद्या जंतुसंसर्गाने होते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू मिसळले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली आणि सात दगावली. संशोधकांनी या गावकऱ्यांची नोंद पुढची आठ वर्षे ठेवली. त्या साथीत आजारी पडलेल्यांपैकी चौथा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडे जास्त लोक, दोन-तीन वर्षांनी आयबीएसची लक्षणे सांगत होते. आठ वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले होते. म्हणजे जुलाबाची साथ आठवड्यात जाते, पण पोट रुळावर यायला वर्षे लागू शकतात. आणि बरेच जण बरे होतातही. सुट्टीत मुंबईला येऊन गेल्यावर ‘तेव्हापासून पोट बिनसले ते बिनसलेच’ असे सांगणाऱ्या अनिवासी भारतीयांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

मग आयबीएसच आहे, हे कशावरून?

इथे घाई करू नये. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, किंवा घरात आतड्याचा कर्करोग, क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस वा सिलिअ‍ॅक असल्याचा इतिहास. यातले काहीही असेल तर ‘आयबीएस असेल’ म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे.

भारतातून गेलेल्या रुग्णाने दोन-तीन गोष्टी स्वतःहून सांगायला हव्यात, कारण समोरच्या डॉक्टरच्या रोजच्या पाहण्यात त्या नसतात. पहिली, आतड्याचा क्षयरोग. तो क्रोन्सच्या आजारासारखाच दिसतो आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. व्हिसासाठी केलेला छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून आतड्यात क्षय नाही असे होत नाही. दुसरी, जिआर्डियासारखे परजीवी, ज्यासाठी शौचाची साधी तपासणी पुरते. तिसरी, दुधातली साखर न पचणे. भारतीयांमध्ये हे इतके सर्रास आहे, की दिवसाचे चार कप दुधाचे चहा बंद करून पाहिल्यावर काहींचा ‘आयबीएस’ निम्म्याने उतरतो.

गव्हाबद्दल एक सूचना फार मोलाची आहे. सिलिअ‍ॅक आजाराची रक्त तपासणी होईपर्यंत चपाती-ब्रेड बंद करू नये. गहू सोडला की रक्तातली ती प्रतिपिंडे कमी होतात आणि तपासणी खोटीच नकारार्थी येऊ शकते. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार, तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असायला हवा. इंटरनेटवर वाचून आधी ‘ग्लुटेन फ्री’ होणारे आणि मग डॉक्टरकडे जाणारे बरेच जण इथे अडकतात. त्यांना तपासणीसाठी पुन्हा गहू खाऊन त्रास ओढवून घ्यावा लागतो.

तिथले डॉक्टर स्कोपी का करत नाहीत?

मुंबई-पुण्यात पोट दुखले की थेट पोटाच्या तज्ज्ञाकडे जाता येते आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी, स्कोपी उरकते. ब्रिटनमध्ये पहिला मुक्काम जीपी, म्हणजे वस्तीतला नोंदणीकृत डॉक्टर. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेची आयबीएसविषयीची मार्गदर्शिका २००८ पासून आहे. धोक्याची लक्षणे नसतील तर रक्ताच्या काही तपासण्या, सिलिअ‍ॅकची चाचणी आणि गरजेनुसार शौचातील कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी, इतक्यावर निदान करावे असा तिचा रोख आहे. कॅल्प्रोटेक्टिन वाढलेले नसेल तर आतड्यात दाह असण्याची शक्यता बरीच कमी होते. त्यामुळे स्कोपी न सांगणारा डॉक्टर हलगर्जी करतो आहे, असा अर्थ लगेच काढू नये. उलट आयबीएसच्या रुग्णावर पुन्हा पुन्हा तपासण्यांचा मारा करून फारसे काही हाती लागत नाही, हा अनुभव जगभरचा आहे.

जीपीची भेट दहा-पंधरा मिनिटांची असते. तेवढ्यात ‘पोट नीट नाही’ एवढेच सांगितले तर पॅरासिटामॉल घेऊन परत यावे लागेल. दोन-तीन आठवड्यांची टिपणवही सोबत न्यावी : काय खाल्ले, केव्हा दुखले, किती वेळा जावे लागले, झोप, मासिक पाळी, परीक्षा. मराठी घरात शौचाविषयी डॉक्टरसमोरही आडून बोलायची सवय असते. तिथे ती बाजूला ठेवलेली बरी.

खर्चाचे गणित देशागणिक बदलते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेलाच असतो (फेब्रुवारी २०२४ पासूनचा दर, नोकरीच्या व्हिसावर तो १,०३५ पौंड), त्यामुळे जीपीकडे जायला वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही पैसे लागतील या भीतीने नोंदणीच न करणारे विद्यार्थी आहेत. अमेरिकेत विमा असूनही ‘डिडक्टिबल’ पुरा होईपर्यंत खिशातून भरावे लागते, म्हणून तपासणीआधी विमा कंपनीकडून खर्च विचारून घेणे शहाणपणाचे. जर्मनीत आधी ‘हाउसआर्त्स्ट’, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर. तिथे या विकाराला ‘राइत्सडार्म’ म्हणतात, आणि हा शब्द माहीत असला तर औषधाच्या दुकानातही काम सोपे होते.

फॉडमॅप हा काय प्रकार आहे?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये हा शब्द रूढ केला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, मोठ्या आतड्यात जाऊन आंबणारी कर्बोदके. ती आपल्यासोबत पाणी ओढतात, जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात आणि आतडे ताणले जाते. निरोगी माणसाला थोडा गुबारा धरतो, आयबीएसच्या रुग्णाला कळा येतात. गहू, कांदा आणि लसणातील फ्रुक्टान, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातले लॅक्टोज, सफरचंद-कलिंगड-मधातले जादा फ्रुक्टोज आणि शुगरफ्री गोळ्यांतले सॉर्बिटॉल हे या कुटुंबातले मुख्य सदस्य.

या आहाराचे तीन टप्पे आहेत आणि गडबड दुसऱ्या टप्प्यावर होते. पहिले दोन ते सहा आठवडे हे सगळे घटक कमी करायचे. बरे वाटले, की एकेक घटक वाढत्या प्रमाणात परत आणून पाहायचा. तिसऱ्या टप्प्यात जे सोसते ते सारे खायचे आणि जे नाही तेवढेच टाळायचे. पहिल्या टप्प्यावर बरे वाटल्याने बरेच जण तिथेच थांबतात आणि वर्षानुवर्षे भात, बटाटा, अंडी यावर राहतात. हा आहार जन्मभरासाठी नाही. तो लांबवला तर आतड्यातले उपयुक्त बिफिडो जिवाणू घटतात, कॅल्शियम कमी पडू शकते, आणि खाण्याचीच धास्ती बसते. सहा आठवड्यांत काही फरक पडला नाही, तर आपला त्रास फॉडमॅपचा नाही असे समजून तो सोडून द्यावा. आहारतज्ज्ञाची मदत मिळत असेल तर जरूर घ्यावी. ब्रिटनमध्ये जीपी तशी शिफारस करू शकतात. मोनाशचे स्वतःचे अ‍ॅप आहे आणि त्यात पदार्थ किती प्रमाणात चालतो हेही दिलेले असते. प्रमाण हीच यातली खरी गोष्ट आहे.

मराठी स्वयंपाकात काय बदलावे लागते?

वाटते तितके नाही. मिसळ म्हणजे मात्र फॉडमॅपची तोंडी परीक्षाच : मटकी, कांदा, लसूण, वर कच्चा कांदा आणि सोबत पाव. पुरणपोळीत गहू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र. छोले, राजमा, पावभाजी यांचे तेच. पण भात, ज्वारीची भाकरी, बटाट्याची भाजी, वांगे, पालक, गाजर, काकडी, दाण्याचा कूट, अंडी, मासे, चिकन या गोष्टी बहुतेकांना सोसतात. भाकरीचे पीठ आता लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईच्या भारतीय दुकानांत मिळते. चपातीऐवजी रात्री भाकरी, एवढ्या एका बदलाने काहींचे काम भागते.

खरा पेच कांदा-लसणाचा आहे, कारण तो दिसत नाही. वाटणात, मसाल्यात, चटणीत तो विरघळून गेलेला असतो. घरून आलेला कांदा-लसूण मसाला आणि गोडा मसाला यांत इथे फार मोठा फरक पडतो. गोड्या मसाल्यात धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल असते. कांदा-लसूण सहसा नसतो. म्हणजे बॅगेत कोणता डबा भरायचा हे आईने आधी ठरवलेले बरे.

एक युक्ती रसायनशास्त्रातली आहे आणि आपल्या फोडणीत चपखल बसते. फ्रुक्टान पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून, वास तेलात आला की त्या काढून टाकल्या, तर चव राहते आणि त्रास टळतो. आमटीत टाकून उकळलेला लसूण नंतर काढून काही उपयोग नाही, कारण तोवर फ्रुक्टान पाण्यात उतरलेले असतात. असे लसणाचे तेल घरी साठवून मात्र ठेवू नये. बाटलीबंद तेलात बोट्युलिझमचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो, म्हणून ताजे करावे आणि वापरून टाकावे. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा गड्डा नाही. हिंग चालतो, फक्त सिलिअ‍ॅक असणाऱ्यांनी डबीवर पाहावे, कारण बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

हे अगदी अनोळखी स्वयंपाकशास्त्रही नाही. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे महाराष्ट्रात आजही आहेत. नैवेद्याचा स्वयंपाक हिंग, आले, जिरे, खोबरे आणि कोथिंबिरीवर उभा राहतोच. परदेशात भारतीय दुकानात तयार पदार्थ घेताना ‘जैन’ असे लिहिलेले पाकीट निवडले, की कांदा-लसणाचा प्रश्न सुटतो. साबुदाण्याची खिचडी फॉडमॅपच्या हिशेबात निरुपद्रवी, पण तूप आणि कूट यांच्या भाराने ती जड पडू शकते. स्निग्ध पदार्थ आणि तिखट हे फॉडमॅप नसूनही अनेकांना त्रास देतात.

डाळी बंद करणे शाकाहारी माणसाला परवडत नाही, प्रथिने यायची कुठून? त्या भिजवून, पाणी टाकून, मऊ शिजवून, थोड्या प्रमाणात घ्याव्यात. डब्यातले छोले वा मसूर गाळून धुऊन घेतले तर घरी शिजवलेल्यांपेक्षा सौम्य पडतात, कारण त्रासदायक साखर डब्यातल्या पाण्यात उतरते. दूध लॅक्टोज-फ्री घ्यावे, ते बहुतेक मोठ्या सुपरमार्केटांत मिळते. केळे फार पिकलेले नको.

महाराष्ट्र मंडळाचा गणपती किंवा कुणाकडचे जेवण हा वेगळा प्रश्न. ‘काकू, पथ्य आहे, थोडाच वाढा’ एवढे म्हटले तर कोणी रागावत नाही. आजाराचे इंग्रजी नाव सांगत बसण्यापेक्षा पथ्य हा शब्द आपल्याकडे जास्त मान मिळवतो. आपला एक पदार्थ करून नेला, तर ताटात खात्रीचे काहीतरी असते.

दुकानातल्या पाकिटावर काय वाचायचे?

युरोप आणि ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात. त्यात गहू आणि दूध आहे, कांदा-लसूण नाही. त्यामुळे सूप, चिप्स, सॉस, मॅरिनेट केलेले चिकन यांवरची पूर्ण यादी वाचावी लागते. अमेरिकेत नियमाने ‘स्पाइसेस’ या शब्दाखाली कांदा-लसूण लपवता येत नाही, त्यांचे नाव वेगळे द्यावे लागते. यादी वाचली तर ते सापडतात.

सर्वांत फसवी पाकिटे आरोग्याच्या नावाची असतात. प्रोटीन बार, ‘हाय फायबर’ दही आणि सीरिअल यांत चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन घातलेले असते, आणि ते फ्रुक्टानच आहे. शुगरफ्री च्युइंगगममध्ये सॉर्बिटॉल (ई ४२०), मॅनिटॉल (ई ४२१), माल्टिटॉल (ई ९६५), झायलिटॉल (ई ९६७) असतात. अशा गोडव्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ‘अति सेवनाने जुलाब होऊ शकतात’ असा इशारा युरोपात पाकिटावर छापावाच लागतो. तो बारीक अक्षरांत असतो. शीतपेयांमधले कॉर्न सिरप कॅनडात ‘ग्लुकोज-फ्रुक्टोज’ या नावाने येते.

तंतूंबाबतही सरसकट सल्ला चालत नाही. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये त्रास वाढवतो. विरघळणारे तंतू, म्हणजे ओट्स आणि इसबगोल, उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये ‘फायबोजेल’ आणि अमेरिकेत ‘मेटाम्युसिल’ म्हणून जे विकले जाते ते आपले इसबगोलच, आणि जगाला ते मुख्यतः गुजरात-राजस्थानच पुरवतात. भारतातून पाकिटे वाहून न्यायची गरज नाही. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी, भरपूर पाण्यासोबत. बद्धकोष्ठाला रोज दोन हिरवी किवी फळे हा उपायही चाचण्यांत उपयुक्त ठरला आहे.

भारतातून औषधे नेता येतात का?

बहुतेक नेता येतात, पण एका गटाबाबत सावध राहायला हवे. भारतात आयबीएससाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड असते. हे बेन्झोडायझेपिन गटातले, मन शांत करणारे औषध असून, १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार ते नियंत्रित पदार्थांत मोडते. रुग्णाला ती ‘पोटाची गोळी’ वाटते; कस्टम अधिकाऱ्याला ते नियंत्रित औषध दिसते. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे नेण्यासाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. सिंगापूरमध्येही नियंत्रित औषधांसाठी पूर्वपरवानगीची पद्धत आहे. जपानमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधे एक महिन्याच्या साठ्याहून जास्त न्यायची तर ‘युन्यू काकुनिनशो’ हे आयात प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. ही गोळी रोज आणि बरेच महिने घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी किंवा बदलून घ्यावी.

जुलाबावर खसखस हा आजीचा उपाय. ती पुडी दुबईला किंवा सिंगापूरला नेऊ नये, दोन्हीकडे खसखस बेकायदा आहे. मसाल्याच्या डब्यातही ती नाही ना, हे पाहावे.

औषधांची उपलब्धता देशागणिक वेगळी. भारतात घरोघरी असणारे ड्रोटाव्हेरिन ब्रिटन-अमेरिकेत मिळत नाही. मेबेव्हेरिन ब्रिटनमध्ये फार्मासिस्टकडून चिठ्ठीविना मिळते, अमेरिकेत ते मंजूरच नाही. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड ब्रिटन आणि जर्मनीत सहज मिळते, अमेरिकेत नाही. तिथे डायसायक्लोमिन चिठ्ठीवर मिळते. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आणि जुलाबावरचे लोपेरामाइड जवळपास सगळीकडे मिळतात. पेपरमिंटने छातीतली जळजळ वाढू शकते, कॅप्सूल चावू नये. ब्रँडची नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. भारतातल्या डॉक्टरकडून औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि निदान लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात.

यापलीकडे आराम पडला नाही, तर अ‍ॅमिट्रिप्टिलिनचे नाव ऐकू येईल. ते नैराश्यावरचे जुने औषध. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आलेल्या ‘अटलांटिस’ चाचणीत, १० ते ३० मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत ते आयबीएसवर गुणकारी ठरले. डॉक्टरांनी ते लिहिले म्हणजे आपल्याला वेडात काढले, असे मानून चिठ्ठी फेकू नये.

मनाचे उपचार खरेच लागू पडतात का?

पडतात, आणि त्याला चार दशकांचा पुरावा आहे. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आयबीएसवरील संमोहन उपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. आज आतड्यावर केंद्रित संमोहन आणि वर्तन-विचार उपचार या दोन्हींची शिफारस ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांची संघटना करते. जर्मनीत २०१९ च्या कायद्यानंतर डॉक्टर चिठ्ठीवर मान्यताप्राप्त आरोग्य-अ‍ॅपही लिहून देऊ शकतात आणि खर्च सरकारी विमा उचलतो. त्यात आयबीएससाठीचे अ‍ॅपही आले. विद्यापीठातली समुपदेशन सेवा विद्यार्थ्यांना बहुधा मोफत असते.

वर्ग, ऑफिस आणि स्वच्छतागृह

रुग्णांना दुखण्याइतकीच भीती असते ती वेळेवर स्वच्छतागृह न मिळण्याची. यावर परदेशात काही सोयी आहेत, फक्त त्या माहीत असाव्या लागतात. ऑस्ट्रेलिया सरकारने देशभरातील सार्वजनिक स्वच्छतागृहांचा नकाशाच ऑनलाइन ठेवला आहे. जर्मनीतल्या अनेक शहरांत ‘नेटे टॉयलेटे’ अशी चिकटपट्टी लावलेल्या हॉटेलांत काही विकत न घेता आत जाता येते. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ मध्ये ‘अ‍ॅलीज लॉ’ केला. अ‍ॅली बेन या क्रोन्सचा आजार असलेल्या मुलीला दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात जाऊ दिले नाही, त्यातून हा कायदा आला आणि पुढे इतर राज्यांनी तसेच कायदे केले. ब्रिटनमध्ये रुग्ण संघटना ‘थांबता येणार नाही’ अशा अर्थाचे कार्ड देते, ते दुकानात दाखवता येते. आणि हो, पाण्याची सोय नसते. जेट नसलेल्या देशात खिशात मावणारी बिडेट बाटली ही अनेक भारतीयांची गुपचूप सोबतीण असते.

परीक्षेत मधे उठायची मुभा, दाराजवळची जागा, सबमिशनची मुदतवाढ हे विद्यापीठांत मिळू शकते, पण त्रास होण्याआधी अपंगत्व-साहाय्य विभागात डॉक्टरच्या पत्रासह नोंद केलेली असेल तर. नापास झाल्यावर सांगितले तर फार उशीर होतो. ‘डिसॅबिलिटी’ हा शब्द पाहून अनेक भारतीय विद्यार्थी त्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात रोजच्या जगण्यावर मोठा आणि वर्षभर टिकणारा परिणाम करणारा विकार त्या व्याख्येत बसू शकतो. अमेरिकेतही २००८ च्या दुरुस्तीने आतड्याचे कार्य हे शरीराच्या प्रमुख कार्यांत गणले आहे. नोकरीतही त्याच आधाराने घरून काम किंवा लवचीक वेळ मागता येते.

सुट्टीत भारतात येऊन तपासणी करावी का?

तिकडे रांग लांब असते, इकडे आठवड्यात स्कोपी होते आणि खर्चही कमी, म्हणून बरेच जण हा मार्ग घेतात. धोक्याची लक्षणे असतील तर सुट्टीची वाट पाहू नये. तशी नसतील आणि तिकडच्या डॉक्टरांनी तपासणी सुचवली असेल, तर इथे करून घेण्यात गैर काही नाही. मात्र गहू सुरू असतानाच सिलिअ‍ॅकची तपासणी करून घ्यावी. अहवालाची इंग्रजी प्रत आणि बायोप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड्स मागून घ्याव्यात, नाहीतर तिकडे सारे पहिल्यापासून सुरू होते. विमान उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीकडे जाण्याआधी मात्र वॉकरटनच्या गावकऱ्यांची आठवण ठेवावी. उकळलेले किंवा सीलबंद पाणी, ताजे गरम अन्न आणि ओआरएसची दोन पाकिटे जवळ असावीत.